उशिरा कळलेलं एडीएचडी: शंका आल्यापासून औषधपाण्यापर्यंत, कोकणातल्या बायकांसाठी

गणपतीच्या आधीच्या चार दिवसांत सगळी वाडी जिची तारीफ करते, तिच्याच बँकेच्या केवायसीचा कागद जानेवारीपासून फ्रिजवर पडून असतो. मुंबईहून आलेली वीस माणसं, माटवीचं सामान, मोदकांची उकड, भजनी मंडळींचा चहा, कशात म्हणून ती कमी पडत नाही. आणि गौरी-गणपती गेले की आठवडाभर तिला धुतलेली भांडी जागेवर लावणंही जमत नाही. घरच्यांचा निकाल ठरलेला असतो: मनात आणलं की करते, म्हणजे एरवी आळस करते.

एडीएचडी (अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर, म्हणजे लक्षाचा अभाव आणि अतिचंचलता) असलेल्या बायकांच्या बाबतीत हे चित्र फार वेळा दिसतं. काम महत्त्वाचं आहे एवढ्यानं त्यांचा मेंदू हलत नाही. घाई हवी, नवेपणा हवा, मनापासूनची आवड हवी, नाहीतर समोर कुणीतरी उभं हवं. कोकणातलं वर्ष ही घाई भरपूर पुरवतं. पाऊस यायच्या आत आगोटीची बेगमी, आंबा उतरला की पोळ्या आणि मुरंबे, मग लावणी, मग गणपती, वर्षाच्या शेवटी शिमगा. त्यात एकत्र घर असलं की सासूबाईंची हाक घड्याळाचं काम करते आणि मोठ्या जाऊबाई यादीचं. या आधारावर पंचवीस-तीस वर्षं निघून जातात. मग सासूबाई जातात, वाटण्या होतात, मुलगा पुण्याला शिकायला जातो, नाहीतर पाळी जायची लक्षणं सुरू होतात, आणि अचानक सगळं हातातून निसटू लागतं.

काही जणींना याचा सुगावा वेगळ्याच वाटेनं लागतो. मुलाला डॉक्टरांकडे नेलेलं असतं, डॉक्टर मुलाची लक्षणं सांगत असतात, आणि आई मनात म्हणत असते की हे तर माझंच वर्णन आहे. माझं निदान मुलं मोठी झाल्यावर झालं. मी डॉक्टर नाही. या वाटेवर मला आणि ओळखीतल्या बायकांना ज्याचा उपयोग झाला, ते इथे क्रमानं लिहिते आहे.

आधी थोडं समजून घ्या

एडीएचडी ही मेंदूच्या जडणघडणीतली बाब आहे. ती लहानपणापासून असते, चाळिशीत नव्यानं होत नाही. नावात लक्षाचा अभाव आहे, पण खरा त्रास लक्षावर ताबा नसण्याचा आहे. नको तिथे ते तासन् तास चिकटतं आणि हवं तिथे बसत नाही. वेळेचा अंदाज चुकतो, ऐकलेलं दोन मिनिटांत पुसलं जातं, सुरुवात करणं डोंगराएवढं वाटतं. वारशाचा वाटा मोठा असतो. जुळ्यांच्या अभ्यासांतून तो ७० ते ८० टक्क्यांच्या घरात निघतो. त्यामुळे तुमचे बाबा किंवा आत्या ‘तशाच’ होत्या असं निघालं तर नवल वाटू देऊ नका.

मुलींचं निदान का राहून जातं? वर्गात बाकावर उभा राहणारा मुलगा मास्तरांना दिसतो. खिडकीबाहेरचा पाऊस बघत शांत बसलेली मुलगी कुणाला त्रास देत नाही. तिची चंचलता आत असते, डोक्यात. त्यात मुलीच्या जातीला सांभाळून, आवरून राहायचे धडे लहानपणीच मिळतात, म्हणून ती दुप्पट मेहनत करून झाकायला शिकते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत लक्षणं सातव्या वर्षाआधी दिसायला हवीत अशी अट होती. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे डीएसएम-५ मध्ये, ती बाराव्या वर्षापर्यंत सैल झाली. लक्षणांचे दोन गट आहेत, लक्ष न लागण्याचा आणि चंचलतेचा. मोठ्या माणसांसाठी एका गटातल्या नऊपैकी पाच लक्षणं पुरेशी धरली गेली. मुलांसाठी ती सहा लागतात. आज पन्नाशीत असलेली बाई शाळेत होती तेव्हा आपल्याकडे हे नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. तिच्या वाट्याला आले ते शब्द वेगळे: धांदरट, वेंधळी, आरंभशूर. मालवणीत, ‘गो, तुझा लक्ष खंय असता?’

पहिली पायरी: डॉक्टरांच्या आधी वही

बायका या पायरीचा कंटाळा करतात, आणि सगळ्यात जास्त उपयोग हिचाच होतो. बारा वर्षांच्या आधीपासून लक्षणं होती का, हे डॉक्टरांना तुमच्याकडूनच कळणार आहे. रक्ताची तपासणी, एमआरआय, ईईजी यांतल्या कशातही एडीएचडी दिसत नाही. ‘ब्रेन मॅपिंग’ करून निदान देतो म्हणून कुणी हजारो रुपये मागितले तर तिथून उठा.

शंभर पानी वही घ्या आणि दोन बाजूंनी लिहा. पुढून लहानपण, मागून आत्ताचं.

लहानपणासाठी माहेरी जाऊन आईसमोर बसा, पण ‘मी लहानपणी कशी होते?’ असं विचारू नका. ‘चांगली होतीस’ हेच उत्तर मिळेल. नेमकं विचारा. एका पावसाळ्यात माझ्या किती छत्र्या हरवायच्या? रेशनवर पाठवलं तर काय विसरून यायचे? गृहपाठ आदल्या दिवशी व्हायचा की शाळेच्या वाटेवर? मधेच बोलायची सवय होती का? भात चुलीवर ठेवून गोष्टीचं पुस्तक वाचत बसले आणि भात करपला, असं होत होतं का? आई नसेल तर मोठी ताई, मावशी, वर्गातली मैत्रीण, यांतलं कुणीही चालेल. माहेरच्या पत्र्याच्या ट्रंकेत जुनी प्रगतिपुस्तकं असतील तर शेऱ्याची ओळ बघा. ‘हुशार आहे पण लक्ष देत नाही’, ‘हस्ताक्षर सुधारावे’, ‘वर्गात गप्पा मारते’ हे शेरे साधे दिसतात, पण निदानाच्या वेळी ते पुराव्यासारखे वापरता येतात. फोटो काढून ठेवा. कोकणातल्या दमट हवेत कागद टिकत नाहीत आणि वाळवीला तर तो खाऊच असतो.

आत्ताच्या बाजूला महिनाभर रोज दोन-तीन ओळी पुरतात. काय राहिलं, काय विसरलं, त्याची किंमत काय पडली. ‘वीजबिलाचा दंड’, ‘गॅसवर दूध, मी मागीलदारी, पातेलं जळलं’, ‘बचत गटाच्या बैठकीला अर्धा तास उशीर, मान खाली’. पाळीच्या तारखाही लिहा. पाळीच्या आधीच्या आठवड्यात सगळं जास्त विस्कटतं असं बऱ्याच जणी सांगतात, आणि तो नमुना कागदावर दिसला तर डॉक्टरांना औषध ठरवताना उपयोगी पडतो.

वहीच्या मधल्या पानावर एकच प्रश्न मोठ्या अक्षरात लिहा: आधार कधी सुटला? कोणत्या साली, कोण गेलं, काय बदललं? याचं उत्तर दोनदा कामाला येतं. एकदा निदानाला, कारण आधी का निभावलं ते त्यातून कळतं. दुसऱ्यांदा उपचाराला, कारण जो आधार सुटला तोच दुसऱ्या रूपात परत उभा करायचा असतो.

दुसरी पायरी: सहा प्रश्नांची चाळणी

जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची १८ प्रश्नांची एक यादी आहे, तिला एएसआरएस म्हणतात. तिचे पहिले सहा प्रश्न चाळणीचे. गेल्या सहा महिन्यांचा विचार करून ‘कधीच नाही’ ते ‘फार वेळा’ अशा पाच उत्तरांतलं एक निवडायचं असतं. कामाचा अवघड भाग संपल्यावर शेवटचं आवरणं राहून जातं का, कामं क्रमानं लावणं जड जातं का, भेटीगाठी आणि जबाबदाऱ्या विसरतात का, डोकं लावायचं काम टाळलं किंवा पुढे ढकललं जातं का, बराच वेळ बसावं लागलं तर हातपाय चुळबुळतात का, अंगात यंत्र बसवल्यासारखं सतत काहीतरी करत राहावं लागतं का. पहिल्या तीन प्रश्नांना ‘कधीकधी’ किंवा त्यापेक्षा जास्त, आणि पुढच्या तीन प्रश्नांना ‘बरेचदा’ किंवा त्यापेक्षा जास्त, असं उत्तर आलं की ते मोजायचं. चार किंवा जास्त भरली तर पुढे तपासून घेण्यात अर्थ आहे.

प्रश्न ऑफिसात जाणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केलेले वाटतात. तुम्ही ते आपल्या घरावर बसवा. अपॉइंटमेंट म्हणजे गटाची बैठक, शाळेतली पालकसभा, गॅसचं बुकिंग. काम संपवणं म्हणजे कोकम फोडून, वाळवून, बरणीत भरून, बरणीवर तारीख टाकेपर्यंत. पण ही चाळणी आहे, निदान नव्हे. मोबाईलवरचे व्हिडिओ बघून ‘आपल्यालाही हेच’ म्हणणाऱ्यांतल्या कित्येकींचं कारण पुढच्या पायरीत सापडतं.

तिसरी पायरी: दुसरं काही आहे का

तालुक्याच्या ठिकाणच्या साध्या लॅबमध्ये होणाऱ्या तपासण्या आधी उरका: हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइडचं टीएसएच, बी-१२, साखर. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला आहे. रक्त कमी असताना डोकं चालत नाही, थकवा येतो, विसरायला होतं. थायरॉइड मंदावलं तरी तसंच. घोरणं जोरात असेल आणि रात्रभर झोपूनही सकाळी अंग जड असेल, तर झोपेत श्वास अडकतो का ते विचारा.

पाळी जाण्याचा काळ हा वेगळाच गुंता. भारतात पाळी सरासरी ४६-४७ च्या सुमारास थांबते आणि त्याआधीची काही वर्षं इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं संप्रेरक वर-खाली होत राहतं. इस्ट्रोजेनचा डोपामिन या मेंदूतल्या रसायनाशी संबंध आहे आणि एडीएचडीतही डोपामिनचाच प्रश्न असतो. म्हणून ज्यांना ते आधीपासून आहे त्यांचं याच वयात जास्त बिघडतं. पण ज्यांना ते कधीच नव्हतं त्यांनाही या वयात विसरायला होतंच. फरक वहीच्या पुढच्या बाजूनं कळतो. शाळेत, कॉलेजात, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत काहीच नव्हतं आणि सगळं गेल्या दोन वर्षांतच सुरू झालं असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

डिप्रेशन आणि चिंतारोग हे एडीएचडीसारखे दिसतातही आणि त्याच्या सोबत राहतातही. वर्षानुवर्षं बोलणी खाल्ल्यावर मन खचणारच. घरात मारहाण, दारू किंवा सततचा अपमान असेल तर लक्ष लागत नाही याचं कारण तिथेही असू शकतं. लाज न धरता डॉक्टरांना सांगा. तसंच आयुष्यात कधी असे दिवस आले होते का, की झोप न घेताही अंगात प्रचंड जोर आणि खर्चाचा झपाटा? हेही सांगा, कारण त्यानं औषधाची निवड बदलते.

चौथी पायरी: जायचं कुणाकडे

निदान आणि औषध मानसोपचारतज्ज्ञ देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि समुपदेशन करतात, गोळ्या लिहून देत नाहीत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते: अलिबाग, रत्नागिरी, आणि सिंधुदुर्गात ओरोस. चिपळूण-सावर्डे भागातल्यांना डेरवणचं वालावलकर रुग्णालय जवळ पडतं. सावंतवाडी-दोडामार्गकडचे लोक तसेही मोठ्या आजाराला गोव्याला जातात. तिथे बांबोळीला मानसोपचाराची स्वतंत्र सरकारी संस्था आहे. मुंबईत केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत मोठे विभाग आहेत. चाकरमानी भावाकडे चार दिवस राहून दोन भेटी उरकता येतात.

रत्नागिरीतल्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव कोकणात टोमण्यासारखं वापरलं जातं, हे मला माहीत आहे. ‘हिला रत्नागिरीला पाठवा’ हे ऐकत आपण मोठ्या झालो. म्हणूनच कित्येक जणी जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं टाळून थेट पुणे गाठतात. जायला हरकत नाही, पण पुण्याला जमत नाही म्हणून घरीच बसणं यात नुकसान तुमचंच. ओपीडीत केसपेपर काढणं आणि दाखल होणं यांचा काही संबंध नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार तुमची माहिती गुप्त ठेवणं हे उपचार करणाऱ्यांवर बंधन आहे.

कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक लावा. मराठीत बोलता येतं आणि दिवसरात्र कुणी ना कुणी असतं. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर मग वही, चाळणी सगळं बाजूला ठेवून आत्ताच फोन करा.

भेट ठरवण्याआधी दवाखान्यात एक प्रश्न फोनवरच विचारा: ‘डॉक्टर मोठ्या माणसांचं एडीएचडी बघतात का?’ सगळेच बघत नाहीत. ‘बीएड केलंत, संसार केलात, मग एडीएचडी कसं असेल?’ असं ऐकावं लागलेल्या बायका मला माहीत आहेत. हुशार बाई दुप्पट कष्टानं डिग्री काढू शकते. असं कुणी म्हणालं तर वाद न घालता दुसरं मत घ्या.

ओपीडीत वेळ कमी मिळतो. पहिल्या दोन मिनिटांत बोलायचं पाठ करून जा: ‘डॉक्टर, मला एडीएचडीची शंका आहे. लहानपणापासूनच्या नोंदी आणल्या आहेत. गेल्या तीन वर्षांत जास्त त्रास आहे. रक्ताच्या तपासण्या केल्या आहेत.’ वही पुढे करा. घाबरून ‘तसं काही विशेष नाही हो’ म्हणायची आपली जी सवय आहे, ती त्या दिवसापुरती घरी ठेवा. शक्य असेल तर नवरा, बहीण किंवा मोठी मुलगी यांना सोबत न्या. लांबलचक मुलाखत असते आणि दुसऱ्या माणसाचं सांगणं लागतं. एका बैठकीत संपेलच असं नाही.

पाचवी पायरी: गोळ्यांबद्दल

गोळ्या घ्यायच्या की नाही हे तुम्ही आणि डॉक्टर ठरवाल. काय असतं ते माहीत असलेलं बरं. भारतात प्रौढांसाठी मुख्यतः दोन औषधं वापरली जातात. मिथाइलफेनिडेट तासाभरात काम करू लागतं. साधी गोळी तीन-चार तास टिकते, हळूहळू विरघळणारी जास्त. अ‍ॅटोमोक्सेटिन रोज घ्यावं लागतं आणि पूर्ण परिणाम दिसायला महिना-दीड महिना जातो. पंधरा दिवसांत काही फरक नाही म्हणून ते सोडून देऊ नका. दोन्हींत भूक कमी होणं, तोंड कोरडं पडणं, झोप उडणं, नाडी आणि रक्तदाब वाढणं हे त्रास होऊ शकतात. म्हणून आधी रक्तदाब, वजन, नाडी बघतात. घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास झाला असेल, काचबिंदू असेल, गरोदर असाल किंवा तो विचार असेल, डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील, तर हे सगळं आधी सांगा. काही गोळ्या एकमेकींत अडकतात.

भूक मरते म्हणून सकाळची गोळी घेण्याआधी पेज किंवा भाकरी पोटभर खाऊन घ्या. दुपारी ‘भूकच नव्हती’ म्हणून राहिलेल्या बाईला संध्याकाळी चक्कर येते आणि दोष गोळीला जातो.

आता कोकणातली खरी अडचण. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत, आणि अंमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीतही येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि त्याच्याकडे त्यासाठीचा वेगळा परवाना असावा लागतो. तालुक्यातल्या साध्या मेडिकलमध्ये ते मिळेलच असं नाही. व्हिडिओ कॉलवरच्या तपासणीतून ते लिहून देता येत नाही, २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांत तशी मनाई आहे. म्हणजे प्रत्यक्ष भेट आलीच. तेव्हा डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारा की हे औषध जवळ कुठे मिळतं, आणि एका वेळी किती दिवसांचं देता येईल. जुलैत दरड कोसळून घाट किंवा रेल्वे बंद पडते तेव्हा गोळ्या संपलेल्या नसाव्यात म्हणून भेटीची तारीख पावसाच्या आधी धरा. प्रवासात मूळ चिठ्ठी सोबत ठेवा. आणि कितीही जीवाची मैत्रीण असली तरी आपली गोळी तिला ‘करून बघ’ म्हणून देऊ नका.

सहावी पायरी: घराची मांडणी बदला

गोळीनं डोकं शांत होतं. बरणीवर तारीख आपोआप पडत नाही. इथे वहीचं मधलं पान काढा. सासूबाई काय करत होत्या? हाक मारत होत्या, समोर बसत होत्या, एका वेळी एक काम सांगत होत्या. हे तिन्ही परत आणायचं आहे.

हाकेची जागा मोबाईलचा गजर घेतो. गजराला नाव द्या: ‘दूध’, ‘चावी-चष्मा-पैसे’, ‘गोळी’. गजराला रेंज लागत नाही, हे आपल्याकडे महत्त्वाचं. यादीचं अ‍ॅप पावसात नेट गेलं की रुसतं. म्हणून मूळ यादी कागदावर, स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात. त्यात कार्यक्रमाची वेळ न लिहिता घरातून निघायची वेळ लिहा. एसटी सव्वादहाची असेल तर ‘९.५० पायात चपला’. त्याच्याही आधीचा गजर ‘हातातलं ठेव’ असा. आपला घोटाळा निघायच्या आधीच्या दहा मिनिटांत होतो, तेव्हाच कपाट आवरायची हुक्की येते.

गॅसवर काही ठेवलं की मोबाईल पदराच्या गाठीशी, खिशात, कुठेही, पण अंगावर हवा. टायमर लावल्याशिवाय मागीलदारी पाऊल टाकायचं नाही. हा एकच नियम पाळलात तरी पुष्कळ पातेली वाचतील, आणि घरही.

समोर बसणाऱ्या माणसाची जागा भरणं आपल्याकडे सोपं आहे. शेजारणी पडवीत एकत्र बसून काजू सोलतात, चिंच फोडतात, तेव्हा काम कसं सरतं ते आठवा. तीच युक्ती कागदांना लावा. शेजारच्या वहिनींना सांगा, ‘तुम्ही तुमची भाजी आणा निवडायला, मी इथे फॉर्म भरते.’ त्यांनी मदत करायची नाही, नुसतं बसायचं. मुंबईतल्या लेकीला व्हिडिओ कॉल लावून दोघींनी आपापलं काम करत गप्प बसणंही चालतं. एडीएचडीवर काम करणारे लोक जगभर हा उपाय सांगतात, फक्त त्यांच्याकडे पडवी नसते.

एका वेळी एक काम, हे सगळ्यात अवघड. मे महिन्यात एकीकडे आंबोशी वाळत असते, दुसरीकडे फणसाचे गरे तळायला काढलेले, तिसरीकडे कोकमं अर्धी फोडलेली, आणि चौथीला ‘यंदा कुळथाचं पीठही विकू या’ असा उत्साह. एक पदार्थ बरणीत जाऊन झाकण लागेपर्यंत दुसऱ्याची टोपली घरात यायची नाही, असं घरच्यांना सांगून ठेवा आणि टोपली त्यांनाच अडवू द्या. बचत गटाची ऑर्डर घेत असाल तर हिशेब आणि डिलिव्हरीच्या तारखा दुसऱ्या बाईकडे द्या, चव आणि नवीन कल्पना तुमच्याकडे ठेवा. अशी वाटणी कमीपणाची वाटत असेल तर वाटू दे, गटाचा माल वेळेत जातो.

डोळ्याआड गेलेली वस्तू आपल्यासाठी नसतेच. डबे काचेचे, फळ्या उघड्या, आणि फ्रिजमध्ये एकाच्या मागे एक भांडी नकोत. चावीला दाराशी एक खिळा, चष्म्याला देवघराशेजारी एक वाटी. पैशाचं जितकं आपोआप होईल तितकं करा: वीजबिल, विम्याचा हप्ता थेट खात्यातून. ऑनलाइन साडी आवडली तर कार्टमध्ये टाकून रात्र जाऊ द्या.

गणपतीबद्दल थोडं वेगळं. त्या दिवसांत तुम्ही उत्तम चालता म्हणून सगळं तुमच्यावर येतं, आणि मग पाठचा आठवडा कोसळण्यात जातो. श्रावणातच कागदावर कामं मांडा आणि चाकरमान्यांना फोनवर नावानिशी वाटा. ‘मदत करा’ म्हटलं तर कुणी उठत नाही. ‘भावोजी, पाचही दिवस सकाळचा चहा तुमचा’ म्हटलं तर उठतात. विसर्जनानंतरचे दोन दिवस कॅलेंडरात आधीच रिकामे खोडून ठेवा. त्या दिवशी कुणी जेवायला येणार नाही, तुम्ही कुठे जाणार नाही.

घरी काय सांगायचं

सगळ्या वाडीला सांगायची गरज नाही. नवऱ्याला सांगताना आजाराच्या नावापासून सुरू करू नका, एका ठरावीक गोष्टीपासून करा: ‘अहो, दाराबाहेर पडताना तुम्ही चार गोष्टी एकदम सांगता, त्यातली एकच माझ्या डोक्यात राहते. डॉक्टर म्हणाले मेंदूची ठेवण तशी आहे. एक एक सांगा, नाहीतर लिहून ठेवा.’ ‘सगळ्यांनाच होतं असं’ हे उत्तर येणार. होतं, पण सगळ्यांची पातेली आठवड्याला जळत नाहीत, एवढं म्हणून तिथेच थांबा. सासूबाई असतील तर त्यांना लक्षणं ऐकवत बसण्यापेक्षा त्यांची हाक मारायची सवय मागून घ्या. ‘आई, मला पाच वाजता आठवण कराल का?’ हे त्यांना आवडतं आणि तुमचं कामही होतं.

वारसा आहे म्हणून मुलांकडेही बघा, मुलीकडे विशेष. ती गप्प बसते, मार्क बरे आहेत, पण वह्या हरवतात आणि रात्री बारापर्यंत अभ्यास ओढावा लागतो, असं असेल तर शाळेच्या समुपदेशकांशी बोला.

निदानानंतर काही जणींना आधी हलकं वाटतं आणि मग राग येतो. हे आधी कळलं असतं तर नोकरी सुटली नसती, बोलणी खाल्ली नसती. हा राग काही महिने राहतो. तो मुलांवर किंवा म्हाताऱ्या आईवर निघायला लागला, किंवा झोप-जेवण तुटलं, तर समुपदेशन घ्या. विचार आणि वागणूक यांवर काम करणारी सीबीटी ही पद्धत प्रौढ एडीएचडीत उपयोगी ठरते. ते मराठीत मिळेल का, हे आधीच विचारून घ्या.

डॉक्टरांकडच्या पुढच्या भेटीला वही परत न्या. या वेळी त्यात तीनच गोष्टी हव्यात: घरच्या किंवा उपकेंद्रातल्या यंत्रावर मोजलेला रक्तदाब आणि वजन, गोळीचा असर किती वाजता ओसरतो, आणि मागच्या महिन्यात घरात नेमकं काय बदललं. ‘बरं वाटतं’ यावरून डोस ठरत नाही. ‘दुपारी दोननंतर परत विस्कटतं, आणि रात्री एकपर्यंत झोप नाही’ यावरून ठरतो.